सातच वेळा झाली, पण फ्रेंच ओपनची वाट करून गेली: वर्ल्ड हार्ड कोर्ट चॅम्पियनशिपची गोष्ट

टेनिसच्या जुन्या जमान्यातला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, असं विचारलं तर अमेरिकेच्या बिल टिल्डनचं नाव पहिल्या दोन-तिघांत येतंच. सात वेळा अमेरिकन चॅम्पियनशिप, तीन वेळा विम्बल्डन. पण फ्रेंच ओपनच्या विजेत्यांच्या यादीत त्याचं नाव सापडत नाही. १९२७ आणि १९३० मध्ये तो तिथं फायनलला हरला. म्हणून रेकॉर्ड बुक सांगतं, की टिल्डनला पॅरिसची माती काही जिंकता आली नाही.

प्रत्यक्षात टिल्डनने पॅरिसच्या मातीवर मोठी स्पर्धा जिंकली होती. साल होतं १९२१. टेनिसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लेखी तेव्हा या विजयाची किंमत विम्बल्डनइतकीच होती, आणि जिंकणाऱ्याला अधिकृतपणे 'क्ले कोर्टचा जगज्जेता' म्हटलं जायचं. स्पर्धेचं नाव होतं वर्ल्ड हार्ड कोर्ट चॅम्पियनशिप.

ही स्पर्धा १९१२ ते १९२३ या काळात फक्त सात वेळा भरली आणि मग कायमची बंद झाली. तिला प्रेक्षक नव्हते किंवा चांगले खेळाडू येत नव्हते असं अजिबात नाही. ती बंद पडली ती तिच्या नावातल्या एका शब्दामुळे. तो शब्द होता 'वर्ल्ड'.

नाव हार्ड कोर्ट, मैदान मात्र मातीचं

पहिला घोळ नावातच आहे. आज 'हार्ड कोर्ट' म्हटलं की सिमेंट किंवा डांबराच्या पायावर रंगीत ॲक्रिलिकचा थर दिलेलं मैदान डोळ्यांसमोर येतं. ऑस्ट्रेलियन ओपन आणि यूएस ओपन अशाच कोर्टवर खेळतात. पुण्यात बालेवाडीला झालेली टाटा ओपन महाराष्ट्र हीसुद्धा हार्ड कोर्टवरचीच स्पर्धा होती.

शंभर वर्षांपूर्वी या शब्दाचा अर्थ वेगळा होता. टेनिसचा जन्म इंग्लंडमधल्या हिरवळीवर झाला, म्हणून खेळाचं पूर्ण नावच 'लॉन टेनिस' होतं. जे गवत नाही आणि उघड्यावर आहे, ते सगळं 'हार्ड'. त्यामुळे माती, विटांचा भुगा, वाळू मिसळलेली कडक जमीन हे सगळं तेव्हा हार्ड कोर्टमध्येच मोडायचं. फ्रेंच लोक मात्र आपल्या भाषेत याच कोर्टला 'तेर बात्यू' म्हणायचे, म्हणजे ठोकून घट्ट केलेली जमीन. हा शब्द तिथं आजही चालतो.

युरोपात मातीची कोर्ट पसरण्यामागे हवामान हे मोठं कारण होतं. इंग्लंडच्या ओलसर हवेत गवत चांगलं टिकतं, पण फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ते उन्हाने करपतं. विम्बल्डन गाजवणाऱ्या रेनशॉ बंधूंनी १८८० च्या दशकात कान शहरातली कोर्ट वाचवण्यासाठी त्यांवर भाजलेल्या मातीच्या भांड्यांचा भुगा पसरला आणि तिथून लाल कोर्टची सुरुवात झाली, असं सांगितलं जातं.

आजच्या फ्रेंच ओपनच्या कोर्टचा लाल थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो. तो असतो विटांच्या बारीक भुग्याचा. त्याच्या खाली चुनखडीची भुकटी, त्याखाली कोळशाची खर, मग खडी आणि सगळ्यात तळाला पाण्याचा निचरा होण्यासाठी दगड. या पृष्ठभागावर चेंडूचा वेग कमी होतो आणि उसळी वाढते. जोरदार सर्व्हिस करून झटपट पॉईंट घेणाऱ्याचं इथं फार चालत नाही. लांबलचक रॅली खेळणारा, घसरत जाऊन चेंडू परत करणारा खेळाडू इथं जिंकतो. गवतावरचा चॅम्पियन मातीवर चॅम्पियन असेलच असं नाही, हे तेव्हाही लोकांना कळत होतं. त्यामुळे मातीवरचा जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरवायला वेगळी स्पर्धा हवी, ही कल्पना काही जगावेगळी नव्हती.

फ्रान्सची स्पर्धा होती, पण परक्यांना बंद

इथं एक प्रश्न पडतो. फ्रेंच चॅम्पियनशिप तर १८९१ पासून सुरू होती, मग आणखी एक स्पर्धा कशाला?

कारण ती स्पर्धा फक्त फ्रेंच क्लबच्या सदस्यांसाठी होती. तुम्ही जगातले कितीही मोठे खेळाडू असा, फ्रान्समधल्या क्लबचं सदस्यत्व नसेल तर प्रवेश नाही. गंमत म्हणजे १८९१ चा पहिला विजेता एच. ब्रिग्ज हा इंग्रज होता, पण तो पॅरिसमध्ये राहायचा आणि तिथल्या क्लबचा सदस्य होता, म्हणून त्याला खेळता आलं. महिलांची स्पर्धा १८९७ मध्ये सुरू झाली, तिलाही हाच नियम लागू होता.

या बंद दारामुळे काय व्हायचं, हे मॅक्स डेक्युजी या फ्रेंच खेळाडूकडे पाहिलं की समजतं. त्याने ही स्पर्धा तब्बल आठ वेळा जिंकली. १९१२, १९१३ आणि १९१४ अशी सलग तीन वर्षं तोच फ्रान्सचा चॅम्पियन होता. पण नेमक्या याच तीन वर्षांत पॅरिसमध्येच सगळ्या देशांसाठी खुली असलेली वर्ल्ड हार्ड कोर्ट स्पर्धा झाली, आणि पुरुष एकेरीचा किताब एकदा जर्मन खेळाडूने नेला, दोनदा न्यूझीलंडच्या. डेक्युजीला तो एकदाही मिळाला नाही. देशातला सर्वोत्तम आणि जगातला सर्वोत्तम यांतला फरक एकाच शहरात, एकाच मोसमात दिसत होता.

१९१२: सां क्लूच्या बागेत पहिली स्पर्धा

पहिली स्पर्धा जून १९१२ मध्ये झाली. जागा होती पॅरिसच्या पश्चिमेला असलेल्या सां क्लू उद्यानातलं स्ताद फ्रांसे या क्लबचं मैदान. हा क्लब पुढे या गोष्टीत परत येणार आहे, त्यामुळे नाव लक्षात ठेवलेलं बरं.

पहिल्याच वर्षी पुरुषांच्या फायनलमध्ये दोन्ही खेळाडू जर्मन होते. ओटो फ्रॉइट्झहाइमने ऑस्कर क्रॉइट्झरला हरवलं. महिलांमध्ये फ्रान्सच्या मार्गरित ब्रोकेदिसने जर्मनीच्या मीकेन रीकला हरवून किताब घेतला. त्याच उन्हाळ्यात ब्रोकेदिसने स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये उघड्या मैदानावरच्या एकेरीचं सुवर्णपदकही जिंकलं. पुढच्या वर्षी, १९१३ मध्ये, याच दोघी पुन्हा फायनलला आल्या आणि या वेळी रीकने हिशेब चुकता केला.

या सगळ्या हालचालींच्या मागे आणखी एक मोठी कल्पना आकार घेत होती. टेनिस आता इतक्या देशांत खेळलं जात होतं, की सगळ्यांसाठी एकच नियम आणि एकच संघटना असावी असं वाटू लागलं होतं. या कल्पनेचं श्रेय जिनिव्हात राहणाऱ्या ड्युएन विल्यम्स या अमेरिकन गृहस्थाला दिलं जातं. पण ती प्रत्यक्षात आलेली पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. एप्रिल १९१२ मध्ये ते आपल्या मुलासोबत अमेरिकेला निघाले, आणि त्यांच्या जहाजाचं नाव होतं टायटॅनिक. विल्यम्स बुडाले. मुलगा नॉरिस बर्फाळ पाण्यातून वाचला. त्याचे पाय गारठून इतके निकामी झाले होते, की ते कापावे लागतील असं डॉक्टरांचं मत पडलं. त्याने नकार दिला आणि जहाजाच्या डेकवर चालत राहून पाय वाचवले. त्यानंतर १९१४ आणि १९१६ अशी दोनदा त्याने अमेरिकन चॅम्पियनशिप जिंकली.

१९१३: तीन जागतिक किताब, एक वाइल्डिंग

१ मार्च १९१३ रोजी पॅरिसमध्ये डझनभर देशांच्या टेनिस संघटनांचे प्रतिनिधी जमले आणि इंटरनॅशनल लॉन टेनिस फेडरेशन, म्हणजेच आयएलटीएफ, स्थापन झाली. आजची आयटीएफ ती हीच.

नव्या संघटनेने तीन स्पर्धांना 'जागतिक अजिंक्यपद' हा दर्जा दिला:

• गवतावरचं जागतिक अजिंक्यपद, जे विम्बल्डनला मिळालं
• हार्ड कोर्टचं जागतिक अजिंक्यपद, म्हणजे पॅरिसची मातीवरची स्पर्धा
• छपराखालच्या कोर्टचं जागतिक अजिंक्यपद, जे वेगवेगळ्या शहरांत भरणार होतं

म्हणजे आज ज्याला आपण चार ग्रँड स्लॅम म्हणतो, ती मांडणी तेव्हा नव्हती. त्या काळातल्या अधिकृत 'मेजर' स्पर्धा या तीन होत्या, आणि त्यांच्यात अमेरिकेची एकही नव्हती. पुढच्या भांडणाचं बीज इथंच पेरलं गेलं.

पहिल्याच वर्षी न्यूझीलंडच्या अँथनी वाइल्डिंगने तिन्ही किताब खिशात घातले. पॅरिसच्या मातीवर त्याने फायनलमध्ये फ्रान्सच्या आंद्रे गोबेरला हरवलं, विम्बल्डनच्या गवतावर अमेरिकेच्या मॉरिस मॅक्लॉफ्लिनला नमवून सलग चौथ्यांदा किताब राखला, आणि स्टॉकहोममध्ये छपराखालची स्पर्धाही जिंकली. माती, गवत आणि इनडोअर, तिन्हींवर एकाच वर्षी जगज्जेता झालेला तो एकमेव पुरुष खेळाडू. १९१४ मध्ये त्याने पॅरिसचा किताब पुन्हा जिंकला. त्या वेळी फायनलमध्ये समोर होता ऑस्ट्रियाचा लुडविग फॉन साल्म-हूगस्ट्रेटन, आणि वाइल्डिंगने त्याचा तीन सेटमध्ये निकाल लावला.

१९१४: पंधरा वर्षांची जगज्जेती

१९१४ ची स्पर्धा मे महिन्याच्या अखेरीस सुरू झाली. महिलांच्या गटात एक मुलगी खेळत होती, जिने नुकताच, २४ मे रोजी, पंधरावा वाढदिवस साजरा केला होता. नाव सुझान लेंग्लेन.

त्याच वर्षी फ्रेंच चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये मार्गरित ब्रोकेदिसने तिला तीन सेटमध्ये हरवलं होतं. जागतिक स्पर्धेत मात्र लेंग्लेन थेट किताबापर्यंत गेली. फायनलमध्ये तिने फ्रान्सच्याच जर्मेन गोल्डिंगला सरळ सेटमध्ये हरवलं. दुहेरीतही अमेरिकन एलिझाबेथ रायनला साथीला घेऊन ती जिंकली. पुढची दहा-बारा वर्षं जिने महिला टेनिसवर राज्य केलं, तिचा पहिला मोठा किताब हा होता.

ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी सर्वांत लहान खेळाडू म्हणून आज इंग्लंडच्या लॉटी डॉडचं नाव घेतलं जातं. तिने १८८७ चं विम्बल्डन १५ वर्षं २८५ दिवस वयात जिंकलं होतं. लेंग्लेन पॅरिसमध्ये जिंकली तेव्हा तिच्या पंधराव्या वाढदिवसाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. वर्ल्ड हार्ड कोर्टला मेजर धरलं, तर हा विक्रम डॉडचा राहत नाही, लेंग्लेनचा होतो.

युद्धाने पाच वर्षं गिळली

जून १९१४ मध्ये स्पर्धा संपली आणि दोन महिन्यांत पहिलं महायुद्ध पेटलं.

या स्पर्धेचे जुने चेहरे तेव्हा अमेरिकेत एकमेकांसमोर खेळत होते. पिट्सबर्गमध्ये डेव्हिस कपची लढत होती. एका बाजूला जर्मनीचे फ्रॉइट्झहाइम आणि क्रॉइट्झर, १९१२ चे दोन्ही फायनलिस्ट. दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलेशियाकडून वाइल्डिंग आणि नॉर्मन ब्रूक्स. ही लढत चालू असतानाच युरोपात युद्धाला तोंड फुटलं. घरी परतताना दोन्ही जर्मन खेळाडूंचं जहाज जिब्राल्टरजवळ ब्रिटिशांनी अडवलं आणि दोघंही कैदेत गेले. वाइल्डिंग ब्रिटिश सैन्यात भरती झाला. ९ मे १९१५ रोजी उत्तर फ्रान्समध्ये नव्ह-शापेलजवळ तोफगोळा पडून तो मारला गेला. वय होतं ३१.

ज्या देशात त्याने मातीवरचं जागतिक अजिंक्यपद दोनदा जिंकलं, तिथंच तो गेला. पाच वर्षं सां क्लूला स्पर्धा झाली नाही. युद्ध संपल्यावर ती १९२० मध्ये परत सुरू झाली, पण पहिला विजेता देणाऱ्या जर्मनीला आता प्रवेश नव्हता. हरलेल्या देशांना आंतरराष्ट्रीय टेनिसमधून बाहेर ठेवण्यात आलं होतं.

१९२० ते १९२३: सगळ्यात रंगतदार चार वर्षं

१९२० मध्ये पुरुषांची फायनल दोन फ्रेंच खेळाडूंमध्ये झाली आणि विल्यम लॉरेंत्झने गोबेरला हरवलं. गोबेरची ही दुसरी हुकलेली संधी. लॉरेंत्झला मात्र फार आयुष्य लाभलं नाही, १९२२ मध्ये वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी त्याचं निधन झालं. महिलांमध्ये ब्रिटनची डोरोथी होल्मन जिंकली. लेंग्लेन त्या वर्षी विजेती नव्हती, पण त्याच वर्षी अँटवर्प ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये तिने याच होल्मनला ६-३, ६-० असं हरवलं.

१९२१ मध्ये अमेरिकन आले. अमेरिका आयएलटीएफची सदस्य नव्हती, तरी तिचे दोन सर्वांत मोठे खेळाडू पॅरिसला पोचले. पुरुषांत बिल टिल्डन, महिलांत मोला मॅलरी. टिल्डनने फायनलमध्ये बेल्जियमच्या जाँ वॉशेला हरवून किताब घेतला, मग विम्बल्डन राखलं आणि घरी जाऊन अमेरिकन चॅम्पियनशिपही जिंकली. महिलांच्या फायनलमध्ये लेंग्लेनने मॅलरीला ६-२, ६-३ असं हरवलं. काही आठवड्यांनी न्यूयॉर्कमध्ये दोघी पुन्हा भिडल्या तेव्हा पहिला सेट गमावल्यावर लेंग्लेनने आजारी असल्याचं सांगून सामना सोडला आणि त्यावरून अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. त्या गाजलेल्या सामन्याची पहिली फेरी खरंतर पॅरिसच्या मातीवर होऊन गेली होती.

आता त्याच १९२१ ची फ्रेंच चॅम्पियनशिप कोण जिंकलं? जाँ सामाझय. आज हे नाव टेनिसच्या कट्टर चाहत्यांनाही पटकन आठवत नाही. एकाच वर्षी, एकाच देशात, मातीवरच्या दोन स्पर्धांपैकी कुठली मोठी होती हे यावरून स्पष्ट होतं.

१९२२ मध्ये स्पर्धा पहिल्यांदा आणि शेवटची पॅरिसबाहेर गेली, ब्रुसेल्सला. तिथं वीस वर्षांच्या हेन्री कोशेने स्पेनच्या मानुएल दे गोमारला पाच सेटमध्ये हरवलं. जाँ बोरोत्रासोबत दुहेरीही त्याने जिंकली. पुढे कोशे, बोरोत्रा, रेने लाकॉस्त आणि जाक ब्रुन्यों या चौघांना 'फोर मस्केटिअर्स' म्हणून जग ओळखू लागलं. यातला लाकॉस्त म्हणजे शर्टावर मगर असलेल्या लॅकोस्ट ब्रँडचा संस्थापक. महिलांत लेंग्लेन पुन्हा जिंकली, या वेळी तिच्या जुन्या जोडीदार रायनविरुद्ध.

१९२३ ची स्पर्धा परत पॅरिसला झाली. अमेरिकेच्या बिल जॉन्स्टनने वॉशेला पाच सेटमध्ये हरवलं आणि पाठोपाठ विम्बल्डनही जिंकलं. वॉशे तीन वर्षांत दुसऱ्यांदा फायनलला हरला. लेंग्लेनने ब्रिटनच्या किटी मॅकेनला हरवून चौथ्यांदा किताब घेतला. या स्पर्धेचा एकेरीचा किताब चारदा जिंकणारं दुसरं कुणी झालंच नाही, कारण यानंतर स्पर्धाच झाली नाही.

'वर्ल्ड' या शब्दावरून भांडण

अमेरिकेत राष्ट्रीय स्पर्धा १८८१ पासून चालू होती. डेव्हिस कपही अमेरिकनांनीच १९०० मध्ये सुरू केला होता. असं असताना आयएलटीएफने गवतावरचं जागतिक अजिंक्यपद ब्रिटिशांकडे दिलं, तेही कायमचं. विम्बल्डन 'वर्ल्ड चॅम्पियनशिप' असेल तर अमेरिकेची स्पर्धा आपोआप दुय्यम ठरते, हे अमेरिकनांना मान्य होण्यासारखं नव्हतं. त्यामुळे ते संघटनेबाहेरच राहिले.

सुरुवातीला हे खपून गेलं. पण युद्धानंतर चित्र बदललं. टिल्डन, जॉन्स्टन, मॅलरी असे खेळाडू अमेरिकेचे, डेव्हिस कप १९२० पासून अमेरिकेकडे. जगातला सर्वांत ताकदवान टेनिस देशच बाहेर असेल तर 'आंतरराष्ट्रीय' संघटनेला अर्थ काय, हा प्रश्न दरवर्षी मोठा होत गेला.

अखेर १९२३ मध्ये तडजोड झाली. अमेरिका आत यायला तयार झाली, पण दोन अटींवर. एक, 'वर्ल्ड चॅम्पियनशिप' हा दर्जा कुठल्याच स्पर्धेला राहणार नाही. दुसरी, खेळाचे नियम कायम इंग्रजीतच राहतील.

पहिल्या अटीने तिन्ही जागतिक किताब एका फटक्यात गेले. त्यांच्या जागी 'अधिकृत चॅम्पियनशिप' असा नवा दर्जा आला आणि तो चार देशांच्या स्पर्धांना मिळाला: ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया. आजच्या चार ग्रँड स्लॅमचा पाया हा आहे.

विम्बल्डनला याचा फारसा फटका बसला नाही. 'वर्ल्ड' शब्द गेला तरी विम्बल्डन हे नाव पुरेसं होतं. पॅरिसच्या स्पर्धेची मात्र सगळी ओळखच त्या शब्दावर उभी होती. फ्रान्सला अधिकृत दर्जा मिळणार होता तो राष्ट्रीय चॅम्पियनशिपला. मग त्याच शहरात, त्याच मातीवर दुसरी आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालवण्याचं कारणच उरलं नाही.

१९२४ आणि १९२५: एक दार बंद, दुसरं उघडलं

१९२४ मध्ये पॅरिसला ऑलिम्पिक होतं आणि टेनिसचे सामने कोलोम्बला मातीच्या कोर्टवर झाले. ज्या अमेरिकेच्या आग्रहामुळे मातीवरची जागतिक स्पर्धा गेली, त्याच अमेरिकेने टेनिसची पाचही सुवर्णपदकं जिंकली. मिश्र दुहेरीचं सुवर्ण हेझल वाइटमनच्या साथीने घेतलं नॉरिस विल्यम्सने, म्हणजे टायटॅनिकवर वडील गमावलेल्या त्याच मुलाने. याच स्पर्धेत भारताचे खेळाडूही उतरले होते आणि सिडनी जेकब एकेरीत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. त्यानंतर ऑलिम्पिकमधून टेनिस बाद झालं ते थेट १९८८ मध्ये परतलं.

१९२५ मध्ये फ्रेंच चॅम्पियनशिपने ३४ वर्षांचा नियम मोडून परदेशी खेळाडूंना दार उघडलं. ही पहिली खुली स्पर्धा भरली कुठे? सां क्लूला, स्ताद फ्रांसेच्या मैदानावर. म्हणजे जागा तीच, माती तीच, खेळणारेही बरेचसे तेच. महिलांची फायनलही १९२३ चीच झाली, लेंग्लेन विरुद्ध मॅकेन, आणि निकालही तोच लागला. बदललं होतं फक्त स्पर्धेचं नाव.

१९२७ मध्ये मस्केटिअर्सनी अमेरिकेकडून डेव्हिस कप हिसकावला. पुढच्या वर्षी तो राखण्यासाठी फ्रान्सला मोठं स्टेडियम हवं होतं. १९२८ मध्ये ते उभं राहिलं आणि त्याला नाव मिळालं रोलँड गॅरोस या वैमानिकाचं. तो युद्धात मारला गेला होता आणि स्ताद फ्रांसेचा जुना सदस्य होता. क्लबचे अध्यक्ष एमिल लेझ्यर यांनीच या नावाचा आग्रह धरला होता. जागतिक स्पर्धा भरवणाऱ्या क्लबची खूण अशी आजच्या स्टेडियमच्या नावात राहिली आहे.

हे किताब मोजायचे की नाही?

आजच्या ग्रँड स्लॅमच्या हिशेबात वर्ल्ड हार्ड कोर्टचे किताब धरले जात नाहीत. त्याने आकडे कसे बदलतात ते पाहा.

लेंग्लेनच्या नावावर एकेरीचे आठ ग्रँड स्लॅम लिहिले जातात, सहा विम्बल्डन आणि दोन फ्रेंच. पॅरिस आणि ब्रुसेल्सचे चार जोडले तर होतात बारा. वाइल्डिंगचे सहा आहेत. मातीवरचे दोन आणि इनडोअरचा एक धरला तर होतात नऊ. टिल्डनचे दहा आहेत, ते होतात अकरा, आणि 'पॅरिसची माती जिंकली नाही' हा त्याच्यावरचा शिक्काही पुसला जातो. फ्रेंच चॅम्पियनशिप जिंकणारा पहिला अमेरिकन पुरुष म्हणून १९३८ च्या डॉन बजचं नाव घेतलं जातं. ते बरोबरच आहे, पण त्याच्या आधी टिल्डन आणि जॉन्स्टन हे दोन अमेरिकन फ्रान्समध्ये मातीवरचे जगज्जेते होऊन गेले होते.

न मोजण्याच्या बाजूनेही मुद्दा आहे. ग्रँड स्लॅम म्हणजे ठरावीक चार स्पर्धा, आणि ही स्पर्धा त्यांच्यातली नाही. शिवाय युद्धानंतर जर्मन खेळाडू नव्हते, म्हणजे 'वर्ल्ड' हे नाव तसंही अर्धवटच होतं.

पण त्या काळातल्या खेळाडूंना ग्रँड स्लॅम हा प्रकारच माहीत नव्हता. त्यांच्यासमोर आयएलटीएफने ठेवलेली शिडी वेगळी होती आणि ही स्पर्धा तिच्या सगळ्यात वरच्या पायरीवर होती. म्हणून टेनिसचा इतिहास लिहिणारे बरेच जण १९१२ ते १९२३ या काळासाठी फ्रान्सच्या बंद चॅम्पियनशिपऐवजी याच स्पर्धेला फ्रेंच ओपनची खरी पूर्वज मानतात.

सात वर्षांचे एकेरीचे विजेते

• १९१२, पॅरिस: ओटो फ्रॉइट्झहाइम (जर्मनी), मार्गरित ब्रोकेदिस (फ्रान्स)
• १९१३, पॅरिस: अँथनी वाइल्डिंग (न्यूझीलंड), मीकेन रीक (जर्मनी)
• १९१४, पॅरिस: अँथनी वाइल्डिंग (न्यूझीलंड), सुझान लेंग्लेन (फ्रान्स)
• १९२०, पॅरिस: विल्यम लॉरेंत्झ (फ्रान्स), डोरोथी होल्मन (ब्रिटन)
• १९२१, पॅरिस: बिल टिल्डन (अमेरिका), सुझान लेंग्लेन (फ्रान्स)
• १९२२, ब्रुसेल्स: हेन्री कोशे (फ्रान्स), सुझान लेंग्लेन (फ्रान्स)
• १९२३, पॅरिस: बिल जॉन्स्टन (अमेरिका), सुझान लेंग्लेन (फ्रान्स)

आज रोलँड गॅरोसमध्ये महिला एकेरीच्या विजेतीला जो चषक दिला जातो, त्याला सुझान लेंग्लेनचं नाव आहे. तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या कोर्टलाही तिचंच नाव आहे. रोलँड गॅरोसच्या त्या कोर्टवर लेंग्लेन स्वतः कधी चॅम्पियन झाली नाही, कारण स्टेडियम तयार होण्याआधीच तिने हौशी टेनिस सोडलं होतं. पॅरिसच्या मातीवरचा तिचा पहिला जागतिक किताब सां क्लूच्या बागेतला, १९१४ चा होता, आणि तो देणाऱ्या स्पर्धेचं नाव मात्र कुठल्याच चषकावर उरलेलं नाही.